बर्फात घालून आणा

माणूस मेला की त्याच्या तोंडावरचा मास्क लगेच काढायचा नाही. आमच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत असा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, कुणी शिकवतही नव्हतं, पण नव्या डॉक्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. ऑक्सिजन चालू ठेवायचा, त्याची सूं सूं बाहेरपर्यंत ऐकू गेली पाहिजे. मॉनिटरचं तोंड भिंतीकडे फिरवायचं. चादर गळ्यापर्यंत ओढायची आणि दाराबाहेर डोकावून सांगायचं, "सीरियस आहे, प्रयत्न चालू आहेत." मग नातेवाइकांत जो सगळ्यात तापट दिसेल त्याला काहीतरी आणायला लांब पिटाळायचं. तोवर गार्ड गोळा होतात, पोलिसांची गाडी गेटाशी लागते, आणि मग डॉक्टर बाहेर येऊन मान हलवतो.

हे सगळं जुळवून आणणारा माणूस म्हणजे मामा.

दवाखान्यात प्रत्येक वॉर्डबॉय मामाच असतो. पण नुसतं 'मामा' म्हटलं की हाच. अंगाने किरकोळ, मिशी पिकलेली, स्ट्रेचर ओढून ओढून एक खांदा खाली उतरलेला. बोलणं असं की रडणारा माणूस आधी नाक पुसायचा आणि मग ऐकायचा. "काळजी करू नका, मी आहे ना आत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तरुण डॉक्टर त्याला 'आमचं हेल्मेट' म्हणायचे. चेष्टेत म्हणायचे, पण मामा सुट्टीवर गेला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होत.

माझं टेबल त्याच दवाखान्याच्या गेटाबाहेर. आत ज्यांना कुणी दाद देत नाही त्यांच्या वतीने मी आत जाऊन भांडते. शाळा लवकर सुटली माझी, पण भांडण शिकायला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. मला बघून दवाखान्यातले अर्धे लोक चहा सांगतात आणि अर्ध्यांना एकदम संडास आठवतो. मामाने मात्र कधी तोंड चुकवलं नाही. 'ताई' म्हणायचा आणि जे होईल ते होईल, जे नाही ते नाही, असं सरळ सांगायचा. म्हणून तर मला हे लिहावं लागतंय. माझ्याशी सरळ बोलणारा माणूस आत शिरला की दिवसभर काय बोलत होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्याने हे का केलं, ते आधी सांगते.

मामाची पोरगी त्याच कॅज्युअल्टीत सिस्टर होती. बापाने स्ट्रेचर ओढलं आणि पोरीला नर्सिंगला घातलं, त्याचा त्याला केवढा ताठा! ड्युटी बदलताना दोघांची कॉरिडॉरमध्ये गाठ पडली की मामा मुद्दाम सगळ्यांसमोर म्हणायचा, "सिस्टर, मी निघू का?" आणि ती म्हणायची, "निघा मामा, उद्या उशीर नको." एका सकाळी मामा असाच घरी गेला, पोरगी ड्युटीवर आली, आणि एक म्हातारा पहाटेच गेलेला तिला दिसला. ती कॉरिडॉरमध्ये आली आणि तिने त्याच्या घरच्यांना सांगितलं, "आजोबा गेले." त्या लोकांनी तिला मारलं. त्यांनी आधी हात टाकला, मग सलाईनचा स्टँड उचलला. तिचा डावा कान गेला. तिथे आता फक्त शिट्टी वाजते, बंद न होणारी.

नंतर काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. 'दवाखान्यातील कर्मचाऱ्यांवर हल्ला हा गुन्हा आहे' अशा मोठ्या पाट्या लागल्या. पाटी वाचून कुणाचा हात खाली आला असेल तर तो माणूस मला दाखवा, मी त्याचा सत्कार करते. जे लोक मारायला धावतात ते वाचत थांबत नाहीत. पोरीला कॅज्युअल्टीतून काढून चादरींच्या खोलीत बसवलं. मार तिने खाल्ला आणि बदलीही तिचीच झाली.

मामाने एवढंच मनाशी धरलं की पोरगी खरं बोलली म्हणून तिला मारलं. त्याआधीही तो गोड बोलायचा, पण मास्कचा नियम तिथून पक्का झाला. पोरीच्या जागी आता दुसऱ्याच्या पोरी उभ्या होत्या. "एकीच्याही अंगाला हात लागू देणार नाही," असं तो म्हणायचा आणि त्याने लागूही दिला नाही. हे कबूल करायला हवं. मामाच्या ड्युटीत त्यानंतर कुणाला मार बसला नाही.

मग तो बॅटरीवाला आला.

ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा माणूस. आडवा बांधा, अॅसिड उडून शर्टाला बारीक बारीक भोकं पडलेली. भर दुपारी टेम्पो थेट दारात लावला आणि बायकोला दोन्ही हातांवर उचलून आत आणली. छोट्या डॉक्टरने, म्हणजे तिथल्या सगळ्यात नव्या डॉक्टरने, छातीवर दाब दिले, पुन्हा दिले, ईसीजी काढला. काही उरलं नव्हतं. डॉक्टरने मामाकडे पाहिलं. मामाने दाराकडे पाहिलं. बॅटरीवाला दार भरून उभा होता.

"बोलत का नाही ती?"

"सीरियस आहे," मामा म्हणाला आणि मास्क चढवला. "एक इंजेक्शन लागेल, आपल्याकडचं संपलंय. पुलापलीकडच्या मोठ्या मेडिकलमध्ये मिळेल."

"मी जातो. पण हिच्याजवळ कोण..."

"मी आहे ना आत."

तो वळला तेव्हा मामाने मागून हाक मारली, "आणि नुसतं नका आणू. बर्फात घालून आणा. नाहीतर खराब होतं."

बर्फ कशाला? तर बर्फ शोधण्यात वेळ जातो. ही मामाची स्वतःची भर होती आणि ती तो जपून वापरायचा, फक्त मोठ्या हाडाच्या माणसांसाठी.

तो परत आला तेव्हा गार्डांची रांग उभी राहिली होती. धावण्यात त्याच्या एका पायातली चप्पल कुठेतरी गेली होती. हातातल्या पिशवीतून पाणी गळत होतं. "आणलं," तो म्हणाला. "आणलं, आणलं. घ्या." त्याला श्वास पुरत नव्हता. "आहे ना?"

"आहे," मामा म्हणाला.

मग छोटा डॉक्टर पुढे झाला. "आत्ताच गेल्या. आम्ही खूप प्रयत्न केले."

बॅटरीवाला ओरडला नाही. गार्डांकडे त्याने एकदा पाहिलं, आपल्या वाटेत एवढी माणसं का उभी आहेत हे न कळल्यासारखं. बायकोजवळ जाऊन चादरीखाली तिचा पाय धरला आणि झटकन हात मागे घेतला. आपल्या ओल्या हाताकडे पाहिलं. "माझा हात गार आहे," असं पुटपुटला. बर्फाचा हात शर्टाला खसाखसा पुसला, तोंडाची वाफ दिली, आणि मग पुन्हा तिचा पाय धरला.

हे मला मामानेच पुढे सांगितलं. सांगताना तो इथे थांबला आणि त्याने स्वतःचा तळहात गुडघ्यावर पुसला. आपण काय करतोय हे त्याला कळलं नाही.

त्यानंतर मामाचं घरात बसणं अवघड झालं. पाळी संपवून यायचा, दुपारी आडवा व्हायचा, आणि जिन्यात पळण्याचा आवाज यायचा. चट्, धप. चट्, धप. चप्पल असलेला पाय आणि नसलेला पाय. तो उठून दार उघडायचा. जिना रिकामा.

"अहो, वरची पोरं खेळतायत," बायको म्हणायची.

"एका चपलेने कोण खेळतं?"

"तुम्ही झोपा बघू. चार माणसांना झोपवून येता आणि स्वतः तेवढे जागे."

ती बिचारी थट्टेत बोलली. मामा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना, ती त्याला सहन होईना. ती सूं सूं आली की तो स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करायचा. भात कच्चा राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "कुणीतरी आत आहे असं वाटतं."

आणि मग बॅटरीवाला खरोखरच येऊ लागला.

दुपारी यायचा, कॅज्युअल्टीच्या दारासमोरच्या बाकावर बसायचा, पिशवी मांडीवर. कुणाशी बोलायचा नाही. मामा आत-बाहेर करताना दिसला की त्याच्याकडे नुसता बघत राहायचा, आणि मामा दुसऱ्या दाराने निघून जायचा. स्टाफमध्ये कुजबुज सुरू झाली. गार्ड म्हणाला, "खुन्नस धरून बसलाय. पिशवीत काय असेल सांगू? बॅटरीवाला आहे तो. अॅसिड!" झालं. तो शब्द ऐकल्यावर सिस्टर लोक त्या बाजूने जायच्या बंद झाल्या. छोटा डॉक्टर मागच्या बाजूला, दवाखान्याच्या स्वयंपाकखोलीच्या दाराने घरी जायला लागला. मोठे साहेब म्हणाले, पोलिसांना सांगून उचला.

मामा माझ्या टेबलाशी आला. चेहरा मातीसारखा. "ताई, तुम्ही त्याला उठवा. तुमचं ऐकेल. पोलिसांनी हात लावला तर भडकेल आणि मग एखाद्या पोरीवर निघेल."

मी गेले आणि बाकावर त्याच्या शेजारी टेकले. आडपडदा मला जमत नाही. "पिशवीत काय आहे?"

"डबा." त्याने उघडून दाखवला. "दुकानातून थेट येतो. इथेच खाईन म्हणतो, पण जात नाही घशाखाली."

"इथे काय काम आहे?"

त्याने उघड्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "टेम्पोत तिने माझी कॉलर धरली होती. म्हणाली, आत नेल्यावर मला सोडून जाऊ नका. आणि मी गेलो. इंजेक्शन लगेच मिळालं, पण बर्फ मिळेना. सरबताच्या गाड्यांना विचारलं, शेवटी मासळीवालीने दिला. आता सासू म्हणते, तू पळालास, माझी लेक मरताना एकटी होती. मेहुणे तोंड बघत नाहीत." त्याने डबा बंद केला. "मला कुणाशी भांडायचं नाही, बाई. मला एवढंच विचारायचंय. मी बर्फ शोधत होतो तेव्हा ती मला शोधत होती का? तो मामा आत होता. त्याला ठाऊक असणार. पण मी दिसलो की तो पळतो."

माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं हे जगजाहीर आहे, पण त्या दिवशी फिरलं ते पुरतं फिरलं. मी सरळ मामाच्या घरी गेले. तो भिंतीला टेकून बसला होता, बायको तांदूळ निवडत बसली होती.

"मामा, त्या बाईला टेम्पोतून उतरवलं तेव्हा जीव होता का?"

बायकोचे हात थांबले. मामा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मला सगळं सांगितलं, मास्क, बर्फ, ओला हात, सगळं. त्याची बायको निवडायचं सोडून ऐकत होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

"मग त्याला सांगा," मी म्हटलं. "तो माणूस रोज स्वतःला सोलतोय. बायकोला टाकून गेलो, असं वाटतंय त्याला. ती गेलेलीच होती, एवढं एक वाक्य!"

"मला मारेल, त्याचं काही नाही हो, ताई. मार खाऊन घेईन मी." मामा हळू बोलत होता. "पण बाहेर कळेल की मास्क खोटा असतो. मग उद्या खरंच जिवंत असलेल्या माणसाला मास्क लावला तरी लोक म्हणतील, मेलाय, लपवतायत. कुणाला विश्वासच राहणार नाही. आणि तिथे उभी असेल एखादी पोरगी, परवाच पास होऊन आलेली. सांगा, तिचं काय करू?"

मी भांडायला तोंड उघडलं.

उत्तर दारातून आलं. पोरगी कधी येऊन उभी राहिली होती कळलंच नाही. ती उजवा कान पुढे करून बोलते, त्यामुळे नेहमी थोडी रागावल्यासारखी दिसते. त्या दिवशी खरंच रागावली होती.

"बाबा, मला का मारलं?"

"खरं बोललीस म्हणून."

"ते काय म्हणाले माहितीये का मारताना? म्हणाले, मामा तर आत्ता सांगून गेला, म्हाताऱ्याने डोळे उघडले, पाणी मागितलं. तू आलीस आणि गेला? तू काय केलंस त्याला?" तिने पिशवी खाली ठेवली. "मग स्टँड उचलला."

बायको म्हणाली, "हे तू कधी..."

"कधीच नाही सांगितलं. बाबा माझ्या उशाशी बसून रडायचे, मी काय सांगू? पोलिसांनाही नाही सांगितलं. बाबांची नोकरी गेली असती."

मी एक स्पष्ट करते, नाहीतर लोक सोयीचं तेवढं उचलतात. खोटं मामाचं होतं, पण स्टँड उचलणारा हात त्या माणसांचाच होता. शोक झाला म्हणून पोरीचा कान फोडायचा परवाना कुणाला मिळत नाही. त्या लोकांना मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण मामाने ज्या भिंतीआड सगळ्यांना लपवलं होतं, त्या भिंतीची पहिली वीट पोरीच्या कानावर पडली होती, हे खरं. आणि त्याला ते आत्ता कळत होतं.

तो उठला, मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "कुठे सांगू?"

"माझ्या खोलीत," पोरगी म्हणाली. "आणि बसून. उभ्या माणसाने उभ्या माणसाला असलं सांगायचं नसतं. हे मी मार खाऊन शिकले."

चादरींच्या खोलीत तिने खुर्च्या समोरासमोर न लावता तिरप्या लावल्या. बॅटरीवाल्याची खुर्ची दाराजवळ, दार उघडं, म्हणजे कोंडल्यासारखं वाटू नये. गार्डला तिने दाराबाहेर थोडं लांब उभं केलं. "मी हाक मारल्याशिवाय यायचं नाही. डोकावायचंसुद्धा नाही." छोटा डॉक्टरही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कोपऱ्यात बसला आणि हात मांडीखाली दाबून ठेवले.

मामाने त्याचा तो गोड आवाज काढलाच नाही. मला वाटतं तो आवाज त्याच्याकडे उरलाच नव्हता.

"तुम्ही दारात उभे होता, तेव्हाच त्या गेलेल्या होत्या. मास्क मी नंतर लावला."

"म्हणजे मी इंजेक्शनला गेलो तेव्हा..."

"नव्हत्या. टेम्पोतच गेल्या असतील, नाहीतर तुम्ही उचलून आणलंत तेव्हा."

"माझ्या हातावर?"

"हो. तुमच्याच हातावर."

बॅटरीवाल्याने आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिला, जणू त्यांत अजून काही वजन आहे. त्याचं तोंड थोडं सैल झालं. मला वाटलं, झालं, सुटला माणूस. आणि मग तो म्हणाला, "मग बर्फ?"

छोट्या डॉक्टरने मामाकडे पाहिलं.

"इंजेक्शन समजलं. मला बाहेर काढायचं होतं. पण बर्फ कशाला?"

"तुम्हाला वेळ लागावा म्हणून," मामा म्हणाला.

तो उठला. चादरींचं कपाट त्याने एका हाताने धरलं आणि ओढलं, तशा घड्या घातलेल्या सगळ्या चादरी वरून त्याच्या अंगावर, जमिनीवर, मामाच्या पायांवर कोसळल्या. बाहेर गार्डच्या बुटांचा आवाज झाला. पोरगी जागची न हलता म्हणाली, "थांबा तिथेच." बुटांचा आवाज थांबला. बॅटरीवाला चादरींच्या ढिगात उभा राहून मोठमोठ्याने श्वास घेत होता. मामा खुर्चीतच होता, डोळे मिटून, मान थोडी पुढे. मारून घ्यायच्या तयारीत.

"हे माझ्या घरी येऊन सांगा," बॅटरीवाला शेवटी म्हणाला. "सासूसमोर. मेहुण्यांसमोर. माझ्या तोंडचं कुणी ऐकणार नाही."

"मामा, जाऊ नका," छोटा डॉक्टर एकदम म्हणाला. "तिथे गार्ड नाही, कुणी नाही."

"येतो," मामा म्हणाला.

बॅटरीवाल्याचं घर दुकानाच्या मागेच. बॅटऱ्या रांगेत चार्जिंगला लावलेल्या, अॅसिडचा वास नाकात चढत होता, आणि कुठून तरी बारीक सूं सूं येत होती. मामा उंबऱ्यात थबकला. "चार्जरचा आवाज आहे, बाबा," पोरगी म्हणाली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून आत नेलं. मी मागे. सासू खाटेवर बसली होती, मेहुणे भिंतीला टेकून उभे. पोरीने स्टूल ओढला, मामाला बसवलं, आणि स्वतः त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

मामाने सांगितलं. बर्फासकट सांगितलं.

थोरल्या मेहुण्याने त्याची कॉलर धरून त्याला स्टुलावरून उचलला. शर्टाचं बटण तुटून उडालं. बॅटरीवाला जागचा हलला नाही. मी त्याला दोष देत नाही, पण हे मी पाहिलं आणि लिहून ठेवतेय. मी मधे पडणार, तेवढ्यात सासू म्हणाली, "सोड त्याला. मला ऐकू दे."

मेहुण्याने सोडलं.

"परत सांग. जावयाच्या हातावर गेली?"

"हो, आजी."

"दवाखान्यात तू यालाच म्हणालास, आहे म्हणून. तेव्हाही तुझं तोंड असंच होतं ना? मग आत्ता खरं बोलतोस, हे मी कसं ओळखू? लोक रडतात म्हणून गोड बोलायची सवय तुला. जावई खंगलाय, त्याच्यासाठी हेही गोड बोलत असशील."

मामाकडे शब्दाशिवाय दुसरा पुरावा नव्हता. जन्मभर ज्याच्या शब्दावर आख्खी गर्दी थांबायची, त्याचा शब्द एका म्हातारीपाशी चालेना.

पोरीने डोक्यावरचे केस मागे सारले आणि डावा कान म्हातारीपुढे केला. त्याच्यामागे जिथे टाके होते तिथे केस उगवत नाहीत. "आजी, यांच्या गोड बोलण्यापायी माझा हा कान गेला. मी यांची मुलगी आहे. हे आज परत तसं बोलले असते, तर मीच तुम्हाला सांगितलं असतं."

म्हातारीने हात लांब करून त्या जागेवरून बोट फिरवलं. मग तिने पाय आखडून घेतले, खाटेवर जागा केली आणि जावयाकडे न बघता म्हणाली, "उभा का? बस." तो बसला. तिने त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला, सुलटा केला, शोधल्यासारखा.

आम्ही उठलो. दारात तिने हाक मारली.

"मामा, असे किती?"

"आठवत नाही, आजी."

"आठव मग."

झालं त्याला बरेच महिने झाले. मास्कचा नियम आता नाही. पोरीने मोठ्या साहेबांशी भांडून कॅज्युअल्टी परत मागून घेतली. मी बरोबर होते, पण मला तोंड उघडायची गरज पडली नाही, एवढी ती तयार झालीय. आता जीव धुगधुगत असतानाच घरच्यांना आत बोलावतात, काय चाललंय ते डोळ्यांसमोर दाखवतात, आणि गेला की बसवून 'गेला' असाच शब्द वापरतात. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. मागच्याच आठवड्यात एकाने दाराची काच फोडली आणि गार्डच्या हाताला लागलं. काच फोडणाऱ्यावर केस झाली, व्हायलाच हवी होती. पण स्वयंपाकखोलीच्या दाराने आता कुणी घरी जात नाही.

मामाला मात्र त्या म्हातारीने कामाला लावलंय. आधी त्याला मारणाऱ्यांची भीती होती. आता ज्यांनी मारलं नाही, आभार मानून गेले, त्यांची वाटते. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तरी तो दचकतो. एकेक चेहरा वर येतो तसा माझ्या टेबलाशी येतो. "ताई, एक जण होता, पिवळ्या शर्टातला, त्याला रक्त आणायला पाठवलं होतं." मग आम्ही शोधत जातो. एकाने ऐकून घेतलं आणि शांतपणे दार लावलं. एकाने शिव्या दिल्या. मामा शिव्या संपेपर्यंत उभा राहिला आणि मगच जिना उतरला.

काल एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे गेलो होतो. तिचा भाऊ कामावर असताना उंचावरून पडून गेला, त्याला वर्षं झाली. तिने मामाला लगेच ओळखलं. मशीन थांबवलं, कपडे बाजूला करून जागा केली, चहा टाकला. तिला केवढा आनंद!

"यांनीच मला सांगितलं होतं," ती मला म्हणाली. "शेवटी त्याने माझंच नाव घेतलं. दोनदा घेतलं म्हणाला होतात ना, मामा? त्याच्यावर दिवस काढले बघा मी."

मामाने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांना सल्ले देणारी मी, मी शिवणाच्या मशीनकडे बघू लागले. वाटलं, हिला राहू द्यावं. एवढी एक राहू द्यावी. खरंच वाटलं.

"नाही, ताई," मामा त्या बाईला म्हणाला. "त्याने कुणाचं नाव नाही घेतलं. आणला तेव्हाच तो गेलेला होता. मी तुमचं मन राखायला बोललो."

ती रडली नाही. तिचा चेहरा गोंधळल्यासारखा झाला. तिने जिन्याच्या दाराकडे पाहिलं, मग मामाकडे.

"मग दुपारी मशीन थांबवलं की मला रोज जी हाक ऐकू येते," ती म्हणाली, "आणि मी ओ देते, ती कुणाची?"